ऊस गोडच लागतो, मग कारखान्यात पोचेपर्यंत त्यातली साखर जाते कुठे?

गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर एक चित्र हमखास दिसतं. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या एकामागे एक उभ्या असतात आणि सगळे वजनकाट्यावर नंबर लागायची वाट पाहत असतात. कधी हे काम काही तासांत होतं. कधी मिलमध्ये बिघाड होतो आणि तोडलेला ऊस दीड-दोन दिवस उन्हात तसाच राहतो.

अशा ट्रॉलीतून एखादं कांडं ओढून चावून पाहिलं तर ते गोडच लागतं. पण त्याच उसाचा रस कारखान्याच्या लॅबमध्ये गेला की केमिस्ट सांगतो, साखर कमी झाली आहे.

जीभ खोटं बोलत नाही आणि केमिस्टही नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टींना 'साखर' म्हणतायत, एवढंच. हा फरक नीट कळला तर बारावीच्या प्रॅक्टिकलला पाठ केलेल्या बऱ्याच टेस्ट नेमक्या कशासाठी असतात तेही कळतं. शिवाय यात शेतकऱ्याचे पैसे अडकलेले आहेत.

आधी पैशाचं बघू

उसाला मिळणारा किमान दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्यावर ठरतो. उतारा म्हणजे १०० किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली तो आकडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर ठरवला. उतारा त्यापेक्षा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये वाढतात आणि तेवढ्यानेच घसरला की तेवढेच कमी होतात. उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर मात्र आणखी कपात होत नाही.

३.४६ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण कारखान्याचा उतारा अर्ध्या टक्क्याने हलला तर टनामागे १७३ रुपयांचा फरक पडतो. ज्याचा १०० टन ऊस गेला त्याच्यासाठी हे १७,३०० रुपये झाले. महाराष्ट्रात यातून तोडणी-वाहतुकीचा खर्चही वजा होतो. त्यामुळे गावच्या पारावर उताऱ्याच्या दुसऱ्या दशांशावरून वाद होतात, यात नवल काही नाही.

एका कांड्यातली सगळी कार्बोहायड्रेट्स

कार्बोहायड्रेट्स म्हणजे कर्बोदके. नावातच त्यांची ओळख आहे: कार्बन आणि पाणी. साध्या साखरेच्या एका रेणूत १२ कार्बन असतात आणि ११ पाण्याच्या रेणूंइतके हायड्रोजन-ऑक्सिजन असतात. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ते हे पाणी ओढून घेतं आणि मागे काळा, सच्छिद्र कोळसा फुगून वर येतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग एकदा तरी झालेला असतोच.

पुस्तकात यांचं वर्गीकरण तक्त्यात असतं. तक्ता बाजूला ठेवून उसाचं एक कांडं घेतलं तरी त्यात सगळे वर्ग सापडतात.

सगळ्यात लहान घटक म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे मोनोसॅकराइड, म्हणजे एकेकटे मणी. दोघांचं रासायनिक सूत्र अगदी एकच आहे, फक्त आतली मांडणी वेगळी. ग्लुकोजचा एक मणी आणि फ्रुक्टोजचा एक मणी जोडला की सुक्रोज तयार होतं. हे डायसॅकराइड झालं, आणि आपल्या चहात पडते ती साखर हीच. शेकडो-हजारो ग्लुकोज मणी एका विशिष्ट पद्धतीने गुंफले की स्टार्च होतं. ते उसाच्या रसातही थोडंसं असतं, शेंड्याकडे जास्त. तेच ग्लुकोज मणी जरा वेगळ्या वळणाने जोडले की सेल्युलोज होतं, म्हणजे उसाचं चिपाड. भात आणि चिपाड दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले आहेत. पण एक आपण जेवतो आणि दुसरं कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतं. आपल्या पोटातलं एन्झाइम एक प्रकारची गाठ सोडवू शकतं, दुसरी नाही.

कारखान्याला या सगळ्यातून फक्त सुक्रोज हवं असतं, कारण पांढरे दाणे होऊन पोत्यात पडतं ते तेवढंच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही गोड आहेत, फ्रुक्टोज तर साखरेपेक्षाही गोड, पण कारखान्याच्या पॅनमध्ये त्यांचे दाणे धरत नाहीत. ती दोन्ही शेवटी मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये जातात.

ट्रॉलीत उभ्या असलेल्या उसात काय घडतं?

ऊस तोडला तरी लगेच मरत नाही. त्याच्या पेशींमध्ये इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते सुक्रोजचे दोन तुकडे करतं: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. तोडलेल्या उसात, विशेषतः उन्हात, या कामाला वेग येतो. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावं, असं सांगितलं जातं. जाळून तोडलेला ऊस याहून लवकर खराब होतो.

साखर जाते कुठे, याचं उत्तर हे असं आहे. ती कुठेच जात नाही, तिची फाळणी होते. गोडी जवळपास तितकीच राहते, कारण फ्रुक्टोज जास्त गोड आणि ग्लुकोज कमी गोड असल्याने हिशेब साधारण बरोबरीत सुटतो. वजन तर उलट थोडं वाढतं. प्रत्येक रेणू फुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतो, त्यामुळे १०० ग्रॅम सुक्रोजपासून सुमारे १०५ ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण होतं. पण पोत्यासाठी ते निरुपयोगी.

हीच क्रिया आपल्या स्वयंपाकघरात मुद्दाम घडवली जाते. गुलाबजामचा पाक साखरेवर येऊ नये म्हणून त्यात लिंबू पिळतात ना? लिंबातलं आम्ल पाक उकळताना थोड्या सुक्रोजचे तुकडे करतं आणि ते तुकडे उरलेल्या साखरेला दाणे धरू देत नाहीत. पाकात जी युक्ती, तीच उसात नुकसान. गुऱ्हाळावरही हा अनुभव येतो. शिळ्या उसाचा रस काहिलीत कितीही आटवला तरी गूळ चिकट राहतो आणि ढेप घट्ट बसत नाही. त्या गुळव्याला इन्व्हर्टेजचं नाव माहीत नसेल, पण ऊस शिळा आहे हे तो ओळखतो.

लॅबमधलं पहिलं यंत्र: त्याला काहीच फरक कळत नाही

रसाची पहिली मोजणी म्हणजे ब्रिक्स. १९ व्या शतकातले जर्मन गणितज्ञ अडॉल्फ ब्रिक्स यांच्यावरून हे नाव आलं. रसात विरघळलेले पदार्थ वजनाच्या किती टक्के आहेत ते यातून कळतं. प्रकाश रसातून जाताना किती वाकतो यावरून रिफ्रॅक्टोमीटर हे सांगतो. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर शेतातही वापरतात. उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स जवळपास सारखा आला की ऊस पक्व झाला असं धरतात.

पण ब्रिक्सला सुक्रोज, ग्लुकोज आणि क्षार यांतला भेद कळत नाही. विरघळलेलं सगळं तो एकत्र मोजतो. ट्रॉलीत दोन दिवस सुकलेल्या उसातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे त्याचा ब्रिक्स चक्क वाढलेला दिसू शकतो. फक्त ब्रिक्स पाहिला तर शिळा ऊस ताज्यापेक्षा चांगला ठरेल.

पोल: प्रकाश कुठे वळतो?

म्हणून दुसरं यंत्र लागतं, पोलरीमीटर. १८१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-बातीस्त बिओ यांच्या लक्षात आलं की काही द्रवांमधून विशिष्ट प्रकारचा, म्हणजे एकाच प्रतलात थरथरणारा प्रकाश गेला की त्याचं प्रतल फिरतं. साखरेचं द्रावण ते उजवीकडे फिरवतं. किती फिरवलं यावरून साखर किती हे काढता येतं. कारखान्याच्या भाषेत हा आकडा म्हणजे 'पोल'. पोलला ब्रिक्सने भागून १०० ने गुणलं की रसाची शुद्धता मिळते.

या यंत्राला मात्र फाळणी लगेच कळते. सुक्रोजचा फिरवण्याचा आकडा अधिक ६६.५ आहे, ग्लुकोजचा अधिक ५२.७. फ्रुक्टोज उलट्या बाजूला, डावीकडे, आणि तेही जोरात फिरवतं: उणे ९२ च्या आसपास. त्यामुळे समसमान मिश्रणाची बेरीज उणे भरते, साधारण उणे २०. सुक्रोज फुटत गेलं की उजवीकडे वळणारा प्रकाश हळूहळू डावीकडे वळू लागतो. या उलटापालटीमुळेच अशा मिश्रणाला 'इन्व्हर्ट शुगर' म्हणतात, आणि एन्झाइमचं नाव इन्व्हर्टेज पडलं तेही त्यावरूनच.

इथे एक गंमत आहे, जिचा उल्लेख सहसा होत नाही. समजा रसातलं १ ग्रॅम सुक्रोज फुटलं. पोलमध्ये तेवढीच, १ ग्रॅमची घट दिसायला हवी. पण गेलेल्या सुक्रोजचा अधिक आकडा तर जातोच, वर तयार झालेल्या मिश्रणाचा उणे आकडाही बेरजेत येतो. त्यामुळे घट सुमारे १.३ ग्रॅमची दिसते. म्हणजे शिळ्या उसाचा पोल प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त वाईट येतो.

आणि उलट चूकही होते. उसाच्या कापलेल्या टोकांवर ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात. ते सुक्रोजमधलं ग्लुकोज काढून त्याची लांबलचक साखळी विणतात, तिला डेक्स्ट्रान म्हणतात. हे डेक्स्ट्रान सुक्रोजच्या जवळपास तिप्पट जोराने प्रकाश उजवीकडे फिरवतं. जे पोत्यात कधीच येणार नाही ते पोलमध्ये साखर म्हणून मोजलं जातं! शिवाय डेक्स्ट्रानमुळे रस बुळबुळीत होतो, नीट गाळला जात नाही आणि साखरेचे दाणे सुईसारखे लांबुळके होतात. लॅबने कागदावर दाखवलेली साखर आणि पोत्यात पडलेली साखर यांत फरक पडला तर संशय चोरीवर किंवा लबाडीवर जातो. कधी तो खराही असेल. पण दोषी डेक्स्ट्रानही असू शकतं.

निळ्याचं तांबडं: शाळेतली टेस्ट इथे कामाला येते

पोलवर पूर्ण भरवसा नाही म्हटल्यावर तिसरी बाजू तपासावी लागते, ती म्हणजे फुटलेली साखर थेट मोजणं. शाळेत बेनेडिक्ट किंवा फेलिंगची टेस्ट केलेली आठवत असेल. निळं द्रावण, त्यात नमुना, मग उकळायचं. ग्लुकोज असेल तर विटकरी तांबडा साका बसतो. निळा रंग तांब्याच्या क्षाराचा असतो. ग्लुकोज त्या तांब्याला इलेक्ट्रॉन देतं आणि तांबडं क्युप्रस ऑक्साइड तयार होतं.

आता वाटीभर पाण्यात घरची साखर विरघळवून हीच टेस्ट केली तर? द्रावण निळंच राहतं. साखरेच्या पाण्यात 'साखर सापडली नाही' असा निकाल येतो. पहिल्यांदा हे पाहणारी मुलं आपलंच काही चुकलं असं समजून टेस्ट पुन्हा करतात.

कारण साधं आहे. ग्लुकोजच्या रेणूला तांब्याशी व्यवहार करणारा जणू एक उजवा हात असतो. फ्रुक्टोजलाही तसा हात आहे. अल्कलीमध्ये त्याची मांडणी बदलते आणि तोही टेस्ट देतो. पण सुक्रोज बनताना या दोघांनी नेमके तेच हात एकमेकांत गुंफलेले असतात, त्यामुळे तांब्यासाठी एकही हात मोकळा उरत नाही. दुधातल्या लॅक्टोजमध्येही दोनच मणी असतात, पण तिथे एक हात मोकळा राहतो, म्हणून दुधाची साखर टेस्ट देते. ज्यांचा हात मोकळा असतो त्यांना रिड्यूसिंग शुगर म्हणतात. मणी एक की दोन यावरून हे ठरत नाही, हे परीक्षेत बरेच जण विसरतात.

शाळेतला हा 'निगेटिव्ह' निकाल कारखान्यात फार उपयोगाचा आहे. सुक्रोज गप्प बसत असल्यामुळेच रसात फुटलेली साखर नेमकी किती हे त्याच टेस्टने मोजता येतं. फेलिंगने आपलं द्रावण १८४९ मध्ये मांडलं. १९२३ मध्ये लेन आणि आयनन यांनी त्याची टायट्रेशनची पद्धत बसवली: मोजून घेतलेलं फेलिंगचं द्रावण उकळत ठेवायचं, ब्युरेटमधून त्यात रस सोडत जायचा आणि मिथिलीन ब्लूचा निळा रंग गेला की थांबायचं. किती रस लागला यावरून उत्तर निघतं. ताज्या, पक्व उसात हा आकडा लहान असतो. तो चढू लागला की ऊस शिळा आहे किंवा कच्चा तोडला आहे.

एकूण साखर हवी असेल तर तोच नमुना आधी आम्लाने मुद्दाम फोडायचा आणि पुन्हा मोजायचा. मळीची किंमत करताना हा एकूण आकडा बघतात, कारण डिस्टिलरीतल्या यीस्टला फाळणीचं काही वाटत नाही. त्याला ग्लुकोज-फ्रुक्टोज आयतंच मिळतं. साखरेच्या दृष्टीने वाया गेलेला माल अल्कोहोलसाठी कामाचा असतो.

बाकीच्या टेस्ट

आयोडीनची टेस्टही इथे असते. स्टार्चची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते, आयोडीन त्या वळणांत शिरतं आणि निळा-काळा रंग येतो. तापवलं की रंग जातो, थंड केलं की परत येतो. कच्च्या उसात, वाढ्यात आणि शेंड्यात स्टार्च जास्त. ते रसात आलं की डेक्स्ट्रानसारखाच त्रास देतं, म्हणून तोडणीच्या वेळी शेंडा नीट छाटला आहे का यावर लॅबचंही लक्ष असतं. फ्रुक्टोजसाठी रिसॉर्सिनॉलने लाल रंग देणारी सेलिवनॉफची टेस्ट आहे, पण ती मुख्यतः कॉलेजपुरती.

एक टेस्ट मात्र कारखान्यात पाळी-पाळीला होते आणि तिचा उताऱ्याशी थेट संबंध नाही. १८८६ मध्ये हान्स मोलिश यांनी मांडलेली ही टेस्ट: नमुन्यात अल्फा-नॅफ्थॉल घालायचं आणि नळीच्या कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. दोन्ही थर भेटतात तिथे जांभळं कडं उमटलं तर नमुन्यात कुठलं तरी कार्बोहायड्रेट आहे. कुठलं ते ही टेस्ट सांगत नाही. पण सुक्रोज असो की ग्लुकोज, ती कोणालाच सोडत नाही आणि अगदी लेशमात्र साखरही पकडते.

रस आटवताना निघालेली वाफ थंड होऊन पाणी बनतं आणि ते पुन्हा बॉयलरला देतात. त्यात रसाचे थेंब उडून आले तर बॉयलरच्या उष्णतेत साखरेचं विघटन होऊन आम्लं तयार होतात, फेस येतो आणि नळ्या गंजतात. म्हणून या पाण्याची मोलिश टेस्ट होत राहते. जांभळं कडं दिसलं की ते पाणी बॉयलरकडे न जाता बाहेर सोडलं जातं.

मग नुकसान कोणाचं?

आजकाल मोठ्या प्रयोगशाळांमध्ये एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. ते सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करून प्रत्येकाचा आकडा देतं. पोलची फसगत तिथे होत नाही. पण उताऱ्याचा प्रश्न यंत्राने अर्धाच सुटतो, कारण शेतकऱ्याला पैसे त्याच्या स्वतःच्या उसाच्या साखरेवर मिळत नाहीत. ते मिळतात काट्यावरच्या वजनावर, आणि दर ठरतो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर.

म्हणजे एखाद्याची ट्रॉली दोन दिवस रस्त्यावर उभी राहिली तर पाणी उडून वजनात झालेली घट त्याची एकट्याची. फुटलेल्या साखरेची घट मात्र सगळ्या सभासदांत वाटली जाते. ज्याने वेळेत, पक्व, शेंडा छाटलेला ऊस दिला त्यालाही तीच सरासरी.

ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात उसाचा दर ठरवताना पुरवठा करणाऱ्याच्या उसातली साखर मोजली जाते. आपल्याकडच्या कारखान्यात लॅबची बाटली भरली जाते ती मिलमधून वाहणाऱ्या रसातून. ऊस गव्हाणीत पडला, पाचसहा ट्रॉल्यांचा रस एकाच पन्हाळीतून पुढे गेला, की त्यातली कुठली साखर कोणाच्या शेतातली हे कुठल्याही टेस्टने सांगता येत नाही.